वाचकांचे प्रश्न : ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट

परस्परसंवादी वेबपानं बनवायला शिकणाऱ्यांचे निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. छपाईच्या सोयीसाठी कोडमधली नावं देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती रोमन लिपीतच लिहायची.

प्रश्न : गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी एक पान बनवतोय. सकाळचे लिटर, संध्याकाळचे लिटर आणि दर अशा तीन चौकटी आहेत. फक्त सकाळचे लिटर भरले तर रक्कम बरोबर येते. दोन्ही वेळचे भरले की रकमेच्या जागी 'नॅन' दिसतं. गणित तर साधंच आहे, मग चुकतं कुठे? — बार्शी तालुका

गणितात चूक नाही, माल चुकीचा येतोय. चौकटीतून वाचलेली 'व्हॅल्यू' नेहमी मजकूर असते, आकडा नसतो. आणि '+' या चिन्हाला जावास्क्रिप्टमध्ये दोन कामं आहेत : आकड्यांची बेरीज करणं आणि मजकूर एकमेकांना जोडणं. दोन बाजूंपैकी एकही बाजू मजकूर असली की जोडणी होते. सकाळचे ८.५ आणि संध्याकाळचे ६.५ जोडून तुमच्याकडे '८.५६.५' तयार होतं. त्याला ३८.४० ने गुणायला गेलं की ब्राउझर म्हणतो, हा आकडाच नव्हे. 'नॅन'चा अर्थ तोच. संध्याकाळची चौकट रिकामी असताना मात्र ८.५ ला रिकामा मजकूर जोडला जातो, तो ८.५ च राहतो. गुणाकाराच्या चिन्हाला जोडणीचं काम नसल्यामुळे ते मजकुराचा आकडा करून घेतं आणि ३२६.४० हे बरोबर उत्तर येतं. म्हणून दोष लपून राहिला.

'नॅन' दिसलं हे एका अर्थी बरंच झालं. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ असे पूर्ण लिटर असते, तर '८६' तयार होऊन ५३७.६० ऐवजी ३३०२.४० रुपये लागले असते आणि पडद्यावर कसलीही तक्रार दिसली नसती.

उपाय असा. चौकट वाचली की त्याच ओळीत 'नंबर' फंक्शन लावून आकडा करा आणि पुढे सगळीकडे तोच आकडा वापरा. पण त्याआधी तीन अडचणी पाहा. पहिली, रिकाम्या मजकुराचं 'नंबर' शून्य करतं. 'नंबर' प्रकारच्या चौकटीत अवैध काही असेल, तरी वाचताना रिकामाच मजकूर मिळतो. म्हणजे चुकीची नोंद गुपचूप शून्य लिटर होते. तेव्हा रिकामं आहे का, हे आधी तपासा. दुसरी अडचण स्वल्पविरामाची. '१,२००' ला 'नंबर' लावलं तर 'नॅन' मिळतं, पण 'पार्सफ्लोट' लावलं तर १ मिळतो, कारण ते स्वल्पविरामापाशी थांबतं. पैशांच्या हिशेबात 'पार्सफ्लोट' वापरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिसरी अडचण आपल्या भाषेची. फोनवर मराठी कळफलक असेल, तर माणूस देवनागरी आकडे टाकणारच. 'नंबर' फंक्शनला ते कळत नाहीत. मजकुरातला नमुना शोधणाऱ्या नियमित पदावलीतला (रेग्युलर एक्सप्रेशन) 'बॅकस्लॅश-डी'सुद्धा फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. युनिकोडमध्ये ० ते ९ या देवनागरी आकड्यांचे क्रमांक २४०६ ते २४१५ आहेत. मजकुरात ० ते ९ या देवनागरी पल्ल्यातलं अक्षर सापडलं, की त्याच्या क्रमांकातून २४०६ वजा करायचे आणि येईल तो इंग्रजी आकडा त्या जागी ठेवायचा. हे चार ओळींचं फंक्शन एकदा लिहून ठेवा. चौकट 'टेक्स्ट' प्रकारची ठेवून 'इनपुटमोड' हा गुणधर्म 'डेसिमल' करा. फोनवर आकड्यांचा कळफलक उघडतो आणि देवनागरी आकडेही अडत नाहीत.

आता पैसे. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज जावास्क्रिप्टमध्ये ०.३०००००००००००००००४ येते, कारण हे अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत नेमके मांडता येत नाहीत. म्हणून दर पैशांत धरा, म्हणजे ३८४०. लिटरने गुणून 'मॅथ.राउंड' करा आणि दाखवतानाच १०० ने भागा. 'टूफिक्स्ड' वापरून आलेलं उत्तर पुन्हा मजकूर असतं. ते बेरजेत घेतलं की पहिलाच घोटाळा परत उभा राहतो. दाखवण्यासाठी 'इंटल.नंबरफॉर्मॅट'ला 'एमआर-आयएन' सांगा. लाख-कोटींचे स्वल्पविराम आणि देवनागरी आकडे दोन्ही आपोआप मिळतात.

पुढच्या वेळी असं काही अडलं, तर अंदाज बांधण्याआधी चौकटीतल्या 'व्हॅल्यू'ला 'टाइपऑफ' लावून येणारं उत्तर कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या संदेशांच्या खिडकीत) छापा. 'स्ट्रिंग' असं उत्तर आलं असतं, तर हा प्रश्न तिथेच सुटला असता.

प्रश्न : बटण दाबलं की उत्तर क्षणभर दिसतं आणि पान पुन्हा कोरं होतं. शिवाय कन्सोलमध्ये कधीकधी 'नल'चे गुणधर्म वाचता येत नाहीत अशी तांबडी ओळ येते. — सांगली

हे दोन वेगळे दोष आहेत. 'फॉर्म'मधलं बटण, वेगळं काही सांगितलं नसेल तर, फॉर्म पाठवणारं बटण असतं. म्हणून पान नव्याने उघडतं. बटणाचा 'टाइप' 'बटन' करा. त्याहून चांगलं म्हणजे फॉर्मच्या 'सबमिट' घटनेवर काम लावा आणि त्यात पहिल्याच ओळीत 'प्रिव्हेंटडिफॉल्ट' म्हणा. दुसरा मार्ग आम्हांला जास्त पसंत आहे, कारण त्यात एंटर दाबणाऱ्यांचंही काम होतं.

'नल'चं कारण क्रमाचं. ब्राउझर पान वरून खाली वाचतो. स्क्रिप्ट 'हेड'मध्ये असेल, तर ती चालते तेव्हा खालचं बटण अजून जन्मालाच आलेलं नसतं, आणि शोधणाऱ्याच्या हाती 'नल' येतो. स्क्रिप्टच्या टॅगमध्ये 'डिफर' हा शब्द घाला. तरीही तेच आलं, तर 'क्वेरीसिलेक्टर'मध्ये आयडीच्या आधीचं # चिन्ह टाकायचं राहून गेलंय का, ते पाहा.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी पानावर टाकली आणि वर शोधचौकट दिली. यादीत डोळ्यांसमोर असलेलं नावही शोधल्यावर सापडत नाही. 'ॲ' आणि 'ऱ्ह', 'ऱ्य' असलेल्या शब्दांत हे जास्त होतं. फोनवर तर टाइप करताना शोध मध्येच अडखळतो. — रत्नागिरी जिल्हा

मराठीत पान बनवणाऱ्या प्रत्येकाला हा खड्डा कधी ना कधी लागतो आणि शिकवण्यांत त्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

पडद्यावर सारखी दिसणारी अक्षरं आत वेगळी असू शकतात. 'ॲ' हे युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे. पण अनेक कळफलक 'अ' आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हं टाकतात, आणि काही त्या दोघांमध्ये एक अदृश्य जोडचिन्हही घालतात. डोळ्यांना तिन्ही एकच, तुलनेला तीन वेगळे शब्द. 'तऱ्हा' या शब्दातला र काही कळफलक 'ऱ' आणि पायमोड असा लिहितात, तर काही साधा 'र', पायमोड आणि अदृश्य जोडचिन्ह असा. यादी एकाने संगणकावर भरली आणि शोधणारा फोनवर टाइप करतोय, एवढं पुरतं.

'नॉर्मलाइझ' हे तयार फंक्शन नुक्त्याच्या जोड्या एकसारख्या करतं, पण वरच्या दोन्ही फरकांना हात लावत नाही. म्हणून तुलनेपुरतं रूप बनवणारं स्वतःचं फंक्शन लागतं. क्रम असा ठेवा : आधी 'नॉर्मलाइझ', मग २००सी आणि २००डी या सोळामान क्रमांकांची अदृश्य चिन्हं काढून टाका, मग 'अ' आणि चंद्र या जोडीच्या जागी 'ॲ' ठेवा, आणि शेवटी पायमोडाआधीच्या 'ऱ'च्या जागी साधा 'र' ठेवा. यादीतलं नाव आणि शोधलेला शब्द दोन्ही याच फंक्शनमधून काढून तुलना करा. दाखवताना मूळ नावच दाखवा; हे रूप छापायचं नाही, त्यात 'तऱ्हा'चा रफार होऊन 'तर्हा' दिसेल.

शोध अडखळण्याचं कारण वेगळं. तुम्ही 'कीडाउन' घटनेवर अवलंबून असाल. ध्वनीनुसार मराठी टाइप करताना अक्षर तयार होईपर्यंत ब्राउझर कळीचा खरा क्रमांक न देता २२९ हाच आकडा देत राहतो. 'इनपुट' घटना ऐका आणि चौकटीत आता काय आहे तेवढंच वाचा. एंटरवर काही करायचं असेल, तर घटनेचा 'इजकंपोझिंग' गुणधर्म खरा आहे का पाहा; खरा असेल तर माणूस अजून शब्द पुरा करतोय, तेव्हा काही करू नका.

वाचनालयाला लागेल असं आणखी एक. नुसतं 'सॉर्ट' केलं तर क्रम युनिकोडच्या क्रमांकांनी लागतो, आणि तिथे 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसलाय. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. त्यामुळे 'इंटल.कोलेटर'ला 'एमआर' सांगून त्याचं 'कंपेअर' सॉर्टला द्या. लांबीही जपून मोजा : 'ज्ञानेश्वरी' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, पण 'लेंग्थ' ११ सांगते, कारण मात्रा आणि पायमोड वेगळे मोजले जातात. चौकटीची 'मॅक्सलेंग्थ' २० ठेवली, तर मराठी नावं निम्म्यातच अडतात. आद्याक्षर हवं असेल तर 'इंटल.सेगमेंटर' वापरा. जुन्या ब्राउझरांत तो 'श्री'चे 'श्' आणि 'री' असे दोन तुकडे करतो, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. क्लासमध्ये थेट रिअ‍ॅक्ट शिकवताहेत. त्याआधी जावा शिकावी लागेल का? जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅमचा. — नांदेड

जावा आणि जावास्क्रिप्ट या दोन वेगळ्या भाषा आहेत. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये १९९५ साली दहा दिवसांत हिचा पहिला नमुना केला. आधीची नावं बदलून त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'जावास्क्रिप्ट' हे नाव ठेवलं गेलं, तेव्हा गाजत असलेल्या जावाच्या जोरावर. जावा न शिकता पुढे जा.

रिअ‍ॅक्ट हे जावास्क्रिप्टने पानं बांधायचं तयार साधन २०१३ साली खुलं झालं आणि ते उपयोगाचं आहे, याबद्दल वाद नाही. पण त्यात पावलोपावली फंक्शनला फंक्शन देणं, यादीवर 'मॅप' चालवणं, मूळ यादी न बदलता नवी करणं हे लागतं. ते येत नसेल तर चूक तुमच्या कोडमध्ये आहे की रिअ‍ॅक्टच्या नियमात, हे कळत नाही. आमच्या मते रोज एक तास दिला, तर दहा-बारा आठवडे साध्या जावास्क्रिप्टला द्यावेत. पहिले तीन आठवडे एचटीएमएलचे फॉर्म, किंमती (व्हॅल्यू), फंक्शनं, याद्या आणि वस्तू (ऑब्जेक्ट). पुढचे चार आठवडे पानातले घटक शोधणं, बदलणं, घटना ऐकणं. हा भाग घाईने उरकू नका. मग सर्व्हरकडून माहिती मागवणं आणि तिची वाट पाहणं : 'फेच', 'असिंक' आणि 'अवेट'. क्लास सोडायची गरज नाही, फक्त घरी हे सुरू करा.

४ जीबी रॅम साध्या जावास्क्रिप्टला पुरेशी आहे. एक संपादक, ब्राउझरचे दोन-तीन टॅब, बाकी बंद. फाइल दुहेरी क्लिकने उघडली की मॉड्यूल (वेगळ्या फाइलीत ठेवून आयात केलेला कोड) चालत नाहीत आणि 'फेच' शेजारची फाइल वाचत नाही, कारण अशा पानाला ब्राउझर विश्वासाचा पत्ता मानत नाही. पायथॉन असेल तर त्या फोल्डरमध्ये 'पायथॉन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर' हा आदेश द्या आणि लोकलहोस्टच्या ८००० क्रमांकाच्या पोर्टवर पान उघडा. इंटरनेटची गरज नाही.

शिकवणी निवडताना एक ओळखीची खूण : लेट, कॉन्स्ट, बाणाची फंक्शनं, मॉड्यूल हे सगळं २०१५ च्या आवृत्तीत आलं. धड्यात सगळीकडे 'व्हार' आणि 'डॉक्युमेंट.राइट' दिसत असेल, तर तो धडा बंद करा.

प्रश्न : यादीत नव्या ओळी घातल्या की त्यांचं 'काढा' हे बटण चालत नाही. आश्चर्य म्हणजे त्यानंतर जुन्या ओळींचीही बंद पडतात. — वसई

दुसऱ्या वाक्याने दोष उघडा पडला. तुम्ही 'इनरएचटीएमएल'ला '+=' लावून ओळ वाढवताय. त्यात ब्राउझर आधीची यादी मजकुरात बदलतो, नवी ओळ जोडतो आणि सगळी यादी नव्याने उभारतो. जुन्या बटणांना लावलेले श्रोते (क्लिक झाली की चालणारी फंक्शनं) जुन्या बटणांबरोबरच जातात. नव्या बटणांना तर श्रोता कधी लागलाच नव्हता, कारण 'क्वेरीसिलेक्टरऑल' त्या क्षणी असलेलीच बटणं देतं.

ओळ 'क्रिएटएलिमेंट'ने बनवा, मजकूर 'टेक्स्टकंटेंट'ने भरा, 'अपेंड'ने जोडा. श्रोता एकच, तोही यादीच्या मुख्य घटकाला लावा. क्लिक आतल्या बटणापासून वर वर चढत त्याच्यापर्यंत पोहोचते. तिथे 'इव्हेंट.टार्गेट'वर 'क्लोझेस्ट' चालवून बटण सापडलं का पाहा, आणि कोणती ओळ काढायची ते बटणाच्या 'डेटा-आयडी'वरून ओळखा.

'टेक्स्टकंटेंट'चा आग्रह सुरक्षिततेसाठीही आहे. 'इनरएचटीएमएल'मधून घुसवलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही, एवढ्यावर विसंबू नका; चित्राच्या टॅगमधला 'ऑनएरर' चालतो. दुसऱ्याने टाइप केलेलं काहीही पानावर 'इनरएचटीएमएल'ने टाकायचं नाही.

प्रश्न : मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत गुढीपाडवा ३० मार्च २०२५ असा भरला. भारतात बरोबर दिसत होता, इथे २९ मार्च दिसला. — न्यू जर्सी

नुसती तारीख असलेला मजकूर 'डेट'ला दिला, की तो ग्रिनिचच्या मध्यरात्री धरला जातो. तेव्हा भारतात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, तारीख तीच. न्यू जर्सीत मात्र आदल्या संध्याकाळचे आठ. ज्या गोष्टीला वेळ नाही, ती वेळेच्या रूपात साठवू नये. तारीख मजकूर म्हणून ठेवा. दाखवताना '-' वर तोडून वर्ष, महिना उणे एक आणि दिवस असे तीन आकडे 'डेट'ला द्या. उणे एक अशासाठी, की इथे जानेवारीचा क्रमांक शून्य आहे. ठरलेल्या वेळेचा कार्यक्रम असेल, तर वेळेनंतर '+०५:३०' लिहा.

भारतातल्या वाचकांनीही हसून सोडू नये. 'टूआयएसओस्ट्रिंग'ची पहिली दहा अक्षरं कापून आजची तारीख काढायची युक्ती फार पसरली आहे. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात ती आपल्याला कालची तारीख देते. पहाटे दूध घालणाऱ्याची नोंद आदल्या दिवशी पडते, ती यामुळे. 'गेटफुलइयर', 'गेटमंथ' आणि 'गेटडेट' यांनीच तारीख बांधा.

प्रश्न : वर्गाची हजेरी 'लोकलस्टोरेज'मध्ये ठेवत होते. एक दिवस सगळी गेली. — शिक्षिका, जुन्नर

बहुधा पत्ता बदलला असेल. ब्राउझरमधली ही साठवण पत्त्यागणिक वेगळी असते : एचटीटीपी आणि एचटीटीपीएस वेगळे, लोकलहोस्टचं ५५०० पोर्ट आणि ८००० पोर्ट वेगळं. जुन्या पत्त्यावर उघडून पाहा, हजेरी तिथे सापडेल. खाजगी खिडकीत काम केलं असेल किंवा कोणी ब्राउझरचा इतिहास साफ करताना साइटचा साठाही पुसला असेल, तर मात्र ती परत मिळत नाही. सफारी तर सात दिवसांच्या वापरात त्या साइटला हात न लागल्यास हा साठा स्वतःहून पुसतो.

आत फक्त मजकूर राहतो, साधारण ५ एमबीपर्यंत. यादी तशीच ठेवली तर तिचा मजकूर होताना रचना हरवते, म्हणून 'जेसन.स्ट्रिंगिफाय' करून (रचना जपणारा मजकूर बनवून) ठेवा, 'पार्स' करून काढा. आणि पानावर 'फाइल उतरवा' असं बटण द्याच : जेसनचा 'ब्लॉब' (फाइलसारखा डेटा) करून 'डाउनलोड' गुणधर्म असलेल्या दुव्याला जोडायचा. दर शुक्रवारी ती फाइल दुसरीकडे ठेवा. संगणक सामायिक असेल, तर मुलांची माहिती अशा साठ्यात ठेवू नका. तिथे बसणारा कोणीही ती वाचू शकतो.

प्रश्न : हवामान सेवेची गुप्त चावी स्क्रिप्टमध्ये उलटसुलट करून लिहिली, तर लपेल का? — कोल्हापूर

नाही. पाठवताना ती सरळ व्हावीच लागते आणि नेटवर्क टॅबमध्ये कोणालाही दिसते. चावी सर्व्हरवर ठेवा, पानाने सर्व्हरला विचारावं.

प्रश्न : बाजारभावाचं पान सर्व्हिस वर्कर लावून रेंज नसतानाही चालतं केलं. आता बदल केले तरी फोनवर जुनंच पान दिसतं. — लासलगाव परिसर

सर्व्हिस वर्कर म्हणजे पान आणि नेटवर्क यांच्या मध्ये बसून साठवलेल्या फाइली देणारी स्क्रिप्ट. नवा वर्कर उतरलेला असतो, पण जुन्याच्या ताब्यातले सगळे टॅब बंद होईपर्यंत तो वाट पाहतो. नुसतं रीलोड करून भागत नाही. शिकत असताना डेव्हलपर टूल्सच्या 'अ‍ॅप्लिकेशन' टॅबमध्ये 'अपडेट ऑन रीलोड' चालू ठेवा. प्रत्यक्ष वापरात साठ्याच्या नावातच आवृत्ती लिहा, प्रत्येक बदलाला ती वाढवा आणि 'अ‍ॅक्टिव्हेट' घटनेत जुन्या नावाचे साठे पुसा. वर्करच्या फाइलचं नाव मात्र कधी बदलू नका, नाहीतर साठवलेलं जुनं पान जुन्याच फाइलला विचारत राहील.

पानाची रचना आणि चित्रं साठ्यातून आधी द्यायला हरकत नाही. भावांसाठी उलटा क्रम ठेवा : आधी नेटवर्क, ते नाही मिळालं तरच साठा. 'फेच' ४०४ किंवा ५०० आल्यावरही स्वतःहून चूक मानत नाही, तेव्हा 'ओके' तपासल्याशिवाय उत्तर साठवू नका, नाहीतर चुकीचं पानच भाव म्हणून साठून बसेल. आणि साठ्यातला भाव दाखवताना तो कोणत्या दिवशी, किती वाजता घेतला, हे भावाच्या शेजारीच, त्याच आकाराच्या अक्षरांत छापा. त्या आकड्यावर कोणीतरी कांद्याची गाडी भरणार आहे.